परिचर्या, परिचारिका आणि रुग्णाची प्रतीक्षा

महाराष्ट्रातील कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात थोडा वेळ कान देऊन ऐकले असता एक गोष्ट ध्यानात येते. तेथे डॉक्टरांस डॉक्टर असेच म्हणतात. इतरांस मात्र बहुधा नात्याने हाक मारतात. परिचारिका ही ‘सिस्टर’ असते, तेच काम करणारा पुरुष ‘ब्रदर’ असतो, आयाबाई ‘मावशी’ होतात आणि वॉर्डबॉय ‘मामा’ होतो. आजाऱ्याला परक्या जागी घरच्यासारखे वाटावे ही ह्या संबोधनांमागची भावना उघड आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. परंतु नाते जडले की हिशेब सुटतो. बहिणीने किती तास जागरण केले, मावशीच्या वाट्याला किती आजारी आले, हे घरात कोणी मोजीत नाही. मुंबई इलाख्यातील व पुढे महाराष्ट्र राज्यातील परिचारिकांच्या टंचाईचा इतिहास पाहू जाता, ही टंचाई केवळ द्रव्याच्या अभावी उद्भवलेली नसून, हे काम आरंभापासूनच ‘सेवा’ ह्या सदरात पडल्यामुळे ते पुरेसे मोजलेच गेले नाही, असे दिसून येते. अपघात विभागाच्या बाकावर बसून रुग्णाला जी घटकाच्या घटका वाट पाहावी लागते, तिचेही एक मूळ येथेच आहे.

‘परिचारिका’ हा शब्द संस्कृतातून आला असला तरी त्याचा आजचा अर्थ जुना नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. ह्यांतील उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा. त्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, हा शब्द पुल्लिंगी आहे. दुसरी, चार गुणांत ज्ञानाचा उल्लेख प्रथम येतो व अनुराग त्याच्या मागून येतो. उलटपक्षी ‘परिचारिका’ ह्या स्त्रीलिंगी रूपाचा जुना अर्थ दासी, राजस्त्रियांच्या तैनातीतील सेविका, असा होता. विसाव्या शतकात ‘नर्स’ ह्या इंग्रजी शब्दास पर्याय शोधताना मराठीने उपस्थात्याचा वारसा न घेता दासीचे नाव घेतले. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे नव्हे. भाषा अशी निवड नकळतच करीत असते. तरीही ह्या निवडीत त्या काळच्या समाजाची दृष्टी उमटल्यावाचून राहिली नाही.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. वैद्याच्या शिक्षणाची व्यवस्था अशा रीतीने रुग्णालयाबरोबरच जन्मास आली. परिचर्येच्या शिक्षणाची व्यवस्था मात्र त्यानंतर कित्येक दशकांनी झाली. मधल्या काळात रोग्याची देखभाल वॉर्डातील नोकर, आया आणि रोग्याचे नातलग हेच करीत. (‘आया’ हा शब्द पोर्तुगीज ‘आइया’वरून आला. लेकरू सांभाळणारी बाई हा त्याचा मूळ अर्थ. घरातील दाईचेच नाव रुग्णालयातील नोकरीस मिळाले.) फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६५ मध्ये हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची एक योजना लिहून काढली. ती स्वतः ह्या देशात कधीही आली नाही. तथापि अहवाल आणि आकडे ह्यांच्या आधारे येथील आरोग्याचा तिने जो अभ्यास केला, तितका येथे राहणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीही थोड्यांनीच केला असेल.

१८७८ पासून ऑल सेंट्स ह्या अँग्लिकन संघातील भगिनींनी मुंबईत कामास आरंभ केला. व्रतस्थ स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणण्याचा प्रघात ख्रिस्ती धर्मसंघांतून आलेला आहे. पुढे इंग्लंडात ही संज्ञा कक्षप्रमुख परिचारिकेपुरती मर्यादित झाली. मराठीत मात्र तिचा अर्थसंकोच न होता अर्थविस्तार झाला : कोणत्याही धर्माची, कोणत्याही दर्जाची परिचारिका सिस्टर ठरली. संज्ञेबरोबर तिची छायाही आली. व्रतस्थ स्त्रीला संसार नसतो, तिला वेतनाची अपेक्षा नसते, तिचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो व सेवेत संपतो. वेतनावर काम करणाऱ्या, घरदार असलेल्या स्त्रीकडूनही हीच अपेक्षा पुढे केली गेली.

स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. त्याच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची ह्या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या होत्या. परिचारिकांच्या शिक्षणाचा क्रम त्यांनी तेथे सुरू केला. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत ह्या शिक्षणासाठी तेथे दाखल झाल्या आणि त्या पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका होत, असे परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन निधीच्या उद्दिष्टांतही सुशिक्षित परिचारिका व सुइणी पुरविणे हे एक होते. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ मध्ये उघडलेले रुग्णालय आणि अन्य ठिकाणची मिशनची रुग्णालये ह्यांतून ख्रिस्ती मुली ह्या कामात आल्या व पुढील अर्धशतक त्यांचीच संख्या मोठी राहिली.

हिंदू समाजातील उच्चवर्णीय स्त्रीला परक्या पुरुषाचा स्पर्श, मलमूत्र आणि रात्रपाळी ह्या तिन्ही गोष्टी निषिद्ध होत्या. १८९६-९७ च्या प्लेगने ही अडचण उघडी पाडली. रोगी शेकड्यांनी पडत असताना त्यांच्याजवळ उभे राहणारे मनुष्य मिळेना. पुण्याजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले ह्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सेवेचा हा आदर्श वंद्य आहेच. परंतु एका शहराची परिचर्या अशा आदर्शांवर चालू शकत नाही, हेही त्याच वर्षी दिसून आले.

पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने ह्या प्रश्नास व्यवहाराच्या बाजूने हात घातला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या पुढाकाराने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने हिंदू स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळू लागले व त्यांच्या राहण्याची सोय करण्यात आली. टीका बरीच झाली. तरी रमाबाईंसारखी प्रतिष्ठित स्त्री पाठीशी उभी राहिल्यामुळे काही घरांतील मुली पुढे आल्या. ह्या प्रयत्नाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु येथवर ह्या कामासाठी कोणाला बोलावले गेले ते पाहावे : धर्मसंघातील भगिनी, मिशनच्या आश्रयास आलेली मुलगी आणि विधवा. तिघींचे साम्य असे की समाजाच्या हिशेबी त्यांना संसार नव्हता. विवाह झाला की नोकरी सुटणार, हे गृहीतच होते. ज्या व्यवसायात माणसाने संसार मांडताच बाहेर पडावयाचे, त्यात अनुभवी माणसे साचत नाहीत; दरवर्षी नव्याने आरंभ करावा लागतो.

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य अभ्यागत ह्यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. नोंदणी आली तेव्हा प्रथमच मोजणीचीही शक्यता आली. ती मोजणी संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानापुरती करण्याचे काम सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केले. भोर हे मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि सनदी नोकर. समितीची नेमणूक महायुद्ध चालू असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये झाली व तिचा अहवाल १९४६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही वाचणाऱ्यास थबकावयास लावतात. तीस कोटी लोकसंख्येस डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. परिचारिका अवघ्या ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच काळी इंग्लंडात हजार माणसांमागे एक डॉक्टर व तीनशे माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते.

ह्या आकड्यांकडे पाहताना बहुतेकांचे लक्ष एकूण न्यूनतेकडे जाते. खरी विचार करावयाची गोष्ट त्यांच्या परस्परप्रमाणात आहे. इंग्लंडात एका डॉक्टरामागे तीनांहून अधिक परिचारिका होत्या; येथे एका परिचारिकेमागे जवळजवळ सात डॉक्टर होते. देश दरिद्री असल्यामुळे सर्वच गोष्टी कमी पडत होत्या, एवढ्याने ह्याचा उलगडा होत नाही. दारिद्र्याने दोन्ही संख्या खाली आल्या असत्या. त्यांची उलथापालथ झाली नसती. वैद्याचे शिक्षण महाग असूनही त्यावर खर्च झाला, परिचर्येचे शिक्षण स्वस्त असूनही त्यावर झाला नाही. १९७१ पर्यंत पाचशे माणसांमागे एक ह्या प्रमाणाने ७ लाख ४० हजार परिचारिका तयार कराव्यात, असे समितीने सुचविले. सात हजारांवरून सात लाख चाळीस हजार! समितीला ही उडी अशक्य वाटली नाही, ह्यावरून तिच्या आशावादाची कल्पना येते. त्याच अहवालात एका दवाखान्यात प्रत्येक रोग्यास सरासरी ४८ सेकंद मिळत असल्याचे नमूद आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदे आणि समित्या ह्यांची वाण पडली नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. परिचारिकांच्या नोकरीच्या अटींचा विचार करण्यासाठी शेट्टी समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला. मुंबई राज्याचा नवा कायदा त्याच वर्षी व महाराष्ट्राचा १९६६ मध्ये आला. सरोजिनी वरदप्पन ह्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये पुन्हा तोच विषय तपासला. उच्च शिक्षणाची सोयही झाली. दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ मध्ये परिचर्येची पदवी सुरू झाली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये मुंबईत परिचर्या महाविद्यालय काढले.

राज्यभाषेच्या धोरणानुसार पदनामेही मराठीत आली. स्टाफ नर्स ही ‘अधिपरिचारिका’, तिच्या वरची ‘परिसेविका’ व मेट्रन ही ‘अधिसेविका’ झाली. ही रचना कौतुकास्पद आहे, पण तिच्यात एक मौज आहे. पायरी जसजशी वर जाते तसतशी ‘परिचर्या’ नाहीशी होऊन ‘सेवा’ उरते. पाठ्यनिर्देशिका हे एकच पदनाम असे, की ज्यात विद्येचा उल्लेख येतो.

अध्यापन करणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तो ऐकावयास उदार वाटतो. तीस खाटांच्या कक्षास दहा परिचारिका मिळाल्या असे मानले तरी त्या तीन पाळ्यांत वाटावयाच्या. म्हणजे एका वेळी फार तर तिघी. त्यांतून रजा, साप्ताहिक सुट्टी, बाळंतपण वजा केले की रात्री तीस रोग्यांसाठी एक-दोन उरतात. शिवाय हा हिशेब खाटांचा आहे. खाटा भरल्यावर जमिनीवर गादी टाकून ज्या रोग्यांची सोय केली जाते ते ह्या गणितात येतच नाहीत. रिक्त पदे, बंधपत्रावर काही महिन्यांपुरत्या नेमलेल्या परिचारिका आणि नोंदणीपुस्तकात नाव असूनही परदेशी गेलेल्या परिचारिका हे विचारात घेतले म्हणजे कागदावरील संख्या आणि कक्षातील संख्या ह्यांतील अंतर कळते.

ह्याचा अपघात विभागातील प्रतीक्षेशी संबंध काय, असा प्रश्न सहज येईल. दाराशी गर्दी दिसली की डॉक्टर कमी आहेत असा समज होतो व तो पुष्कळदा खराही असतो. परंतु गर्दीचा उगम अनेकदा दाराशी नसून आतल्या कक्षात असतो. कक्षात खाट आहे, पण तिच्याकडे पाहण्यास परिचारिका नाही, तर ती खाट लाकूड-लोखंडाचीच काय ती असते. सकाळी घरी जाण्यास योग्य झालेल्या रोग्याचे कागद पुरे होऊन औषधे समजावून देण्यास दुपार होते, तोवर त्याची खाट सुटत नाही. ती सुटेपर्यंत अपघात विभागात तपासून झालेला रोगी तेथेच स्ट्रेचरवर पडून राहतो आणि त्याचा स्ट्रेचर मोकळा होईपर्यंत नवा रोगी बाहेर थांबतो. नदीचे मुख बुजले की पाणी वरच्या गावात चढते, तसा हा प्रकार आहे. मधली पोकळी रोग्याचे नातलग भरून काढतात. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे, सलाईन संपत आल्याचे सांगणे, रोग्याला कुशीवर वळविणे, भांडे देणे ही कामे ते करतात. ज्याच्याबरोबर कोणी आलेले नाही त्याचे हाल विचारावयास नकोत.

दाराशीही परिचारिकेचे एक स्वतंत्र काम असते. आलेल्या रोग्यांपैकी कोणाला क्षणभरही थांबविता येणार नाही, कोण तासभर थांबू शकेल, हे प्रथम ठरवावे लागते. ह्या निवडीस ‘ट्रायाज’ म्हणतात. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ निवडणे, वेगळे काढणे असा असून तो शब्द लोकर आणि कॉफीचे दाणे ह्यांच्या प्रतवारीसाठी वापरला जाई. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे ह्याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून सैनिकांचा क्रम लावला आणि ही कल्पना रणांगणावर आली. अनेक देशांत आज हे काम अनुभवी परिचारिकाच करते. जेथे ती नसते तेथे क्रम आपोआप लागतो : केसपेपर आधी काढील त्याचा नंबर आधी. बोट कापलेला मनुष्य आधी आत जातो आणि छातीवर हात धरून मुकाट बसलेला मागे राहतो.

मराठी रुग्णाच्या बाबतीत ह्या निवडीला भाषेचीही एक बाजू आहे. दुखण्याच्या प्रकारांस मराठीत विलक्षण समृद्ध शब्दसंपत्ती आहे. ठणका, कळ, सल, चमक, मुरडा, जळजळ, भगभग ह्यांपैकी प्रत्येकाचा निर्देश वेगळा. परंतु जी दुखणी सर्वांत घातक ती पुष्कळदा ‘दुखणे’ ह्या क्रियापदाने सांगितलीच जात नाहीत. हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य ‘छातीत भरून आल्यासारखे होते’, ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणतो. ‘घाबरणे’ हा शब्द ऐकून त्यास मनाचा दुबळेपणा समजले तर तो तासभर बाकावर बसेल. त्यामागची छाती ज्या कानाला कळते तो त्यास तत्काळ आत पाठवील. हे कान एका वर्षात तयार होत नाहीत.

ज्या केरळीय परिचारिकांनी महाराष्ट्रातील रुग्णालये गेली अनेक दशके चालविली, त्यांना हे कान परक्या भाषेत कमवावे लागले. मलयाळममध्ये क्रियापद लिंग, वचन, पुरुष ह्यांनुसार बदलत नाही. मराठीत तर नामांना तीन लिंगे व त्यांप्रमाणे क्रियापदाची रूपे. तेव्हा ‘ताप आली’ आणि ‘गोळी घेतला’ असे प्रयोग घडणारच. रोगी त्यांस हसतात व थोड्याच दिवसांत त्यांच्याच हातून सुई टोचून घेण्याचा हट्ट धरतात. महाराष्ट्राने आपल्या मुलींस ह्या व्यवसायाकडे न वळविल्यामुळे जी उणीव राहिली, ती केरळातील कुटुंबांनी भरून काढली. पुढे १९७० नंतरच्या दशकांत आखाती देशांनी अधिक वेतन देऊ केले तेव्हा त्यांच्यातील पुष्कळजणी तिकडे गेल्या. त्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी येथील पगारपत्रक आधी पाहावे.

रुग्णाच्या प्रतीक्षेचा प्रश्न न्यायालयापुढेही गेला. मोटारीने धडक दिलेल्या एका स्कूटरस्वारास पोलीस प्रकरण म्हणून जवळच्या रुग्णालयाने दूरच्या रुग्णालयाकडे धाडले व वाटेतच तो मरण पावला. ह्या घटनेवरून दाखल झालेल्या परमानंद कटारा ह्यांच्या अर्जावर १९८९ मध्ये निकाल देताना, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. बंगालमधील एक मजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला असता कलकत्ता परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास परत लावले. कारण बहुधा एकच, खाट रिकामी नाही. १९९६ च्या निकालाने शासनास २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली व द्रव्याचा अभाव ही सबब अशा प्रसंगी चालणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. दोन्ही निकाल महत्त्वाचे आहेत. त्यांत डॉक्टर आहे, खाट आहे, शासन आहे. खाटेला खाटपण देणारी परिचारिका मात्र तेथे फारशी आढळत नाही.

२०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि अपघातस्थळापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा वेळ कमी झाला. दारापासून खाटेपर्यंतच्या वेळाबाबत तसे म्हणता येत नाही. २०२० च्या साथीत त्याची कसोटी लागली. मुंबईत मैदानांवर व सभागृहांत काही आठवड्यांत हजारो खाटा मांडण्यात आल्या. कारण खाट मांडता येते. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने केरळ शासनास पत्र लिहून ५० तज्ज्ञ डॉक्टर व १०० परिचारिका पाठविण्याची विनंती केली. केवळ शंभर परिचारिकांसाठी एका मोठ्या राज्याने दुसऱ्या राज्याकडे शब्द टाकावा, ह्या घटनेची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. त्या दिवसांत परिचारिकांसाठी लोकांनी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या, त्यांस योद्ध्या म्हटले. दोन वर्षांनी, मे २०२२ च्या अखेरीस, राज्यातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या. रिक्त पदे बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी पद्धतीने भरू नयेत, ती कायम स्वरूपाने भरावीत, ही त्यांची प्रमुख मागणी होती.